सत्तेबाहेरचं राजापूर

लोकसभेची निवडणूक जवळ आली की गावोगावच्या पारांवर एक हिशेब हमखास मांडला जातो. खासदार सत्तेतला हवा. विरोधी पक्षाचा निवडून दिला तर पाच वर्षं वाया गेली म्हणून समजा. दिल्लीत त्याला विचारतो कोण? हा हिशेब इतका सरळ वाटतो की त्यावर कुणी वाद घालत नाही. विरोधी उमेदवारसुद्धा घालत नाही. तो फक्त ‘या वेळी सरकार आमचंच येणार’ असं छातीठोकपणे सांगतो. म्हणजे हिशेब त्यालाही मान्य असतो, आकड्यांबद्दल तेवढी तक्रार असते.

महाराष्ट्रात या हिशेबाला न जुमानणारा एक मतदारसंघ होता. १९५७ ते १९९१ अशी सलग चौतीस वर्षं राजापूरने काँग्रेसला लोकसभेत पाठवलं नाही. १९५७, १९६२ आणि १९६७ मध्ये बॅरिस्टर नाथ पै, आणि १९७१ पासून पाच वेळा प्रा. मधु दंडवते. या काळात या दोघांपैकी नाथ पै कधीच मंत्री झाले नाहीत आणि दंडवते जेमतेम सव्वातीन वर्षं झाले. बाकी सगळा काळ समोरच्या बाकांवर गेला.

१९५७ चं कोडं नाही. संयुक्त महाराष्ट्राचं वारं होतं, त्यात भलेभले उडाले. पण पुढचं काय? १९६२ मध्ये राज्य मिळालेलं होतं, संयुक्त महाराष्ट्र समिती फुटलेली होती, आणि महाराष्ट्रातल्या ४४ पैकी ४१ जागा काँग्रेसने घेतल्या. राजापूर उरलेल्या तीनांत होतं. १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या लाटेत ४५ पैकी ४२ जागा गेल्या. राजापूर पुन्हा उरलेल्या तीनांत. १९८४ मध्ये इंदिराजींच्या हत्येनंतर ४८ पैकी ४३ गेल्या, तेव्हाही राजापूर जागचं हललं नाही. तीन वेगवेगळ्या लाटा, तीन वेगवेगळी कारणं आणि प्रत्येक वेळी हाच एक मतदारसंघ कोरडा. याला योगायोग म्हणता येत नाही, आणि ‘कोकणी माणूस मुळातच चिकित्सक’ असं म्हणून सोडूनही देता येत नाही. तो चिकित्सक आहेच, पण चिकित्सकपणा शेजारच्या रत्नागिरीतही होता. तिथे १९६२, १९६७ आणि १९७१ या तिन्ही वेळा काँग्रेस निवडून आली.

माझं म्हणणं असं की विरोधी खासदाराची कारकीर्द ही त्या माणसाच्या गुणांइतकीच त्याच्या मतदारांना ती परवडण्यावर उभी असते. नाथ पै आणि दंडवते यांच्यावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं. वक्तृत्व, विद्वत्ता, साधेपणा, सगळं लिहून झालं. त्यांना तसं राहू देणाऱ्या राजापूरबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही.

आधी खासदारांकडे पाहू.

नाथ पै वेंगुर्ल्याचे. १९४२ च्या आंदोलनात तुरुंग, मग लंडनला लिंकन्स इनमध्ये बॅरिस्टरी, युरोपातल्या समाजवादी तरुणांच्या चळवळीत नेतृत्व, ऑस्ट्रियन पत्नी. प्रजा समाजवादी पक्षाचे खासदार म्हणून लोकसभेत पाय ठेवला तेव्हा वय चौतीस. त्यांच्या भाषणांच्या आख्यायिका मी इथे सांगणार नाही. त्या कोकणात कुठेही ऐकायला मिळतात. मला त्यांच्या कारकिर्दीतली सर्वांत अवघड गोष्ट महत्त्वाची वाटते. ती म्हणजे १९६७ चं त्यांचं घटनादुरुस्ती विधेयक.

२७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात सहा विरुद्ध पाच अशा मतांनी निकाल दिला की मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही. जमीन सुधारणांचे कायदे ज्या दुरुस्त्यांच्या आधाराने उभे होते, त्यांच्या पायालाच हा धक्का होता, जरी न्यायालयाने निकाल पुढच्या काळापुरताच लागू केला तरी. यावर सरकारने काय करावं याची खलबतं चालू असतानाच एप्रिलमध्ये नाथ पैंनी खासगी विधेयक मांडलं: मूलभूत हक्कांसह घटनेतली कोणतीही तरतूद बदलण्याचा अधिकार संसदेला आहे, असं घटनेतच स्पष्ट करा.

विरोधी बाकावरचा माणूस संसदेचे अधिकार वाढवायला निघतो, हे आज ऐकायलाही चमत्कारिक वाटतं. ज्या संसदेत आपण कायम अल्पमतात, तिचे हात बळकट करून फायदा कुणाचा? सत्ताधाऱ्यांचाच. स्वतंत्र पक्षाच्या मंडळींनी हे बजावलंही. पण नाथ पैंच्या डोक्यात संसद आणि सरकार या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. सरकार काँग्रेसचं होतं. संसद त्यांचीही होती. ती राजापूरच्या मतदाराची होती, आणि अकरा न्यायाधीशांपैकी सहांनी तिला मर्यादा घालणं त्यांना पटत नव्हतं. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, परत आलं, त्यावर अधूनमधून चर्चा झाली. डिसेंबर १९७० मध्ये लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक तिच्याबरोबर बुडालं. तीन आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ रोजी, बेळगावात सीमाप्रश्नावरच्या सभेनंतर नाथ पै गेले. वय अट्ठेचाळीस.

त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती केली. तिचा गाभा नाथ पैंचाच होता. श्रेय अर्थातच सरकारचं. विरोधी खासदाराच्या धंद्यात हे ठरलेलंच असतं. कल्पना त्याची, शिक्का मंत्र्याचा. पण पुढे जे झालं ते श्रेयाच्या वाटणीपेक्षा गंभीर आहे. आणीबाणीत ऑगस्ट १९७५ मध्ये एकोणचाळिसाव्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली. १९७६ मध्ये बेचाळिसाव्या दुरुस्तीने घटनादुरुस्तीला कुठल्याच न्यायालयात आव्हान देता येणार नाही अशी तरतूद घातली. संसदेच्या सार्वभौमत्वाची जी भाषा नाथ पैंनी सामान्य माणसाच्या वतीने केली होती, तीच भाषा सामान्य माणसाला तुरुंगात डांबणाऱ्यांच्या तोंडी आली. शेवटी लोकशाही तरली ती १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने, सात विरुद्ध सहा मतांनी, म्हणजे एका न्यायाधीशाच्या फरकाने. त्या निकालाने गोलकनाथही बाजूला सारला आणि संसदेच्या अमर्याद अधिकाराचा दावाही. घटना बदला, पण तिची मूलभूत चौकट मोडू नका.

मग नाथ पै चुकले का? मला वाटतं, हो, चुकले. त्यांच्या विधेयकात न लिहिलेलं एक गृहीतक होतं: संसदेत नाथ पैंसारखी माणसं नेहमी असतील, आणि ती बोलली तर सत्ताधारी बाकांवरची चार माणसं तरी ऐकतील. हे गृहीतक तेव्हा भाबडं नव्हतं. नाथ पैंच्या पहिल्याच वर्षी, डिसेंबर १९५७ मध्ये, आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीचं मुंदडा प्रकरण सभागृहात उघड केलं ते काँग्रेसच्याच फिरोज गांधींनी. न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावं लागलं. सत्ताधारी बाकांमध्ये तेव्हा अशी भुसभुशीत जमीन होती. विरोधकाचं भाषण तिथे रुजायची शक्यता होती.

विरोधी खासदाराचं रोजचं काम नेमकं काय असतं, हे थोडं जवळून पाहिलं पाहिजे. कारण ‘भाषणं करतो’ या दोन शब्दांत ते उरकलं जातं.

सकाळी अकराचा प्रश्नोत्तराचा तास घ्या. तारांकित प्रश्न आधीच लेखी दिलेला असतो, सोडतीत नंबर लागलेला असतो, दिवसाला वीसच घेतात. त्याचं उत्तर मंत्रालयातल्या कुणा अवर सचिवाने लिहून वर पाठवलेलं असतं, आणि मंत्री सांगतो की विवरण सभागृहाच्या पटलावर ठेवलं आहे. इथवर सगळं कागदी. खरा खेळ पुरवणी प्रश्नाचा. तो आधी कळवायचा नसतो. मंत्र्याला खात्याची माहिती आहे की नाही ते त्या अर्ध्या मिनिटात कळतं. अधिकाऱ्यांच्या दीर्घेतून चिठ्ठ्या यायला लागल्या की सभागृह हसायला लागतं. पुरवणी प्रश्न विचारायला मूळ उत्तरातली पळवाट वाचता यावी लागते, आणि ती वाचायला आदल्या रात्री ग्रंथालयात बसावं लागतं.

किंवा कपात सूचना घ्या. खात्याची मागणी मतदानाला आली की विरोधी सदस्य म्हणू शकतो: ती कमी करून एक रुपया करा. म्हणजे धोरणच नामंजूर. किंवा म्हणतो, शंभर रुपये कमी करा. शेकडो कोटींच्या मागणीतून शंभर रुपये! हे शंभर रुपये एका विशिष्ट गाऱ्हाण्याचे असतात: अमुक बंदराचा गाळ, तमुक टपाल कार्यालय, धक्क्यावरची बोट. सूचना पडणार हे मांडणाऱ्याला ठाऊक असतं. मंजूर झाली तर सरकारच पडायचं. पण ती पाडण्याआधी मंत्र्याला उठून त्या गाळाबद्दल बोलावं लागतं, ते बोलणं इतिवृत्तात छापलं जातं, आणि पुढच्या वर्षी तेच पान उघडून विचारता येतं की गेल्या वर्षी काय म्हणाला होतात. सरकार उत्तराला बांधलं जातं ते असं, शंभर शंभर रुपयांनी.

या कामाचं मतदारसंघात काय दिसतं? काहीच नाही. फलक लागत नाही, नारळ फुटत नाही. म्हणून प्रश्न उरतो की राजापूरच्या माणसाने चौतीस वर्षं हे न दिसणारं काम का पोसलं?

याचं उत्तर मला पोस्टमनच्या पिशवीत सापडतं. दक्षिण कोकणातल्या घरांचं त्या काळचं अर्थकारण मनिऑर्डरीवर चाललेलं होतं. घरातला कर्ता पुरुष मुंबईत, गिरणीत किंवा गोदीत. गावच्या मंडळींच्या गाळ्यात त्याची वळकटी. महिन्याच्या दहा-पंधरा तारखेच्या सुमारास पोस्टमन दारात येणार, म्हातारी अंगठा उठवणार, तो नोटा मोजून देणार आणि पावतीच्या तुकड्यावरच्या चार ओळी वाचूनही दाखवणार. भातशेती चार महिने पुरेल इतकी. बाकी सगळं मुंबईवर. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येणार, येताना मुंबईचं राजकारणही घेऊन येणार.

आता याच्या शेजारी पश्चिम महाराष्ट्र ठेवून पाहा. तिथल्या शेतकऱ्याचा ऊस उभा आहे. तोडणीची टोळी कधी येणार ते कारखाना ठरवणार. कारखान्याचा अध्यक्ष काँग्रेसचा. पीककर्ज जिल्हा मध्यवर्ती बँकेचं. बँक त्याच मंडळींची. पाण्याची पाळी, सोसायटीचं सभासदत्व, मुलाची कारखान्याच्या शाळेतली नोकरी, सगळ्या दोऱ्या एकाच हातात. या शेतकऱ्याने विरोधी उमेदवाराला मत द्यावं असं म्हणणं सोपं आहे. पंधरा दिवस उशिरा तुटलेल्या उसाचं वजन कोण भरून देणार? त्याच्यासाठी ‘खासदार सत्तेतला हवा’ हा पारावरचा गप्पांचा विषय नव्हता, तो पोटाचा प्रश्न होता.

कोकणात साखर नव्हती, म्हणून साखरसम्राटही नव्हते. सरकारने दिलेलं इतकं थोडं होतं की ते काढून घ्यायची धमकी देणंही अवघड. ज्याची भाकरी गिरणगावातून येते, त्याला सावंतवाडीच्या किंवा कणकवलीच्या सत्ताधारी पुढाऱ्याची मर्जी राखायची गरज नसते. म्हणून त्याला आपलं मत स्वतःच्या बुद्धीने देता आलं. दारिद्र्यातून आलेलं हे स्वातंत्र्य होतं, हे कबूल करायला हवं. त्याचं कौतुक करताना त्याची किंमत विसरू नये. पण स्वातंत्र्य होतं. माझा हा तर्क आहे, आकडेवारीने सिद्ध केलेला सिद्धांत नव्हे. रत्नागिरीतही मनिऑर्डरी येतच होत्या, मग तिथे तसं का झालं नाही, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन की परवडणं आणि करणं यात उमेदवाराचं अंतर असतं. राजापूरला नाथ पै मिळाले. रत्नागिरीला मिळाले नाहीत.

आणि रत्नागिरीच्या उदाहरणाचा दुसरा अर्धा भाग पारावरच्या हिशेबनीसांनी जरूर पाहावा. लागोपाठ तीन वेळा सत्ताधारी खासदार निवडून तिथे काय आलं? रेल्वे तर आली नाहीच. दिव्याहून निघालेले रूळ साठच्या दशकात पनवेलला पोचले आणि रोह्याला पोचायला १९८६ उजाडलं. राजापूर आणि रत्नागिरी, एक बहुतेक काळ विरोधात आणि एक अनेकदा सत्तेत, दोघेही एकाच एस.टी.त तितकेच धक्के खात होते.

दंडवते राजापूरचे नव्हते. जन्म नगरचा, राहणं मुंबईला, सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्लेले. नाथ पैंच्या मृत्यूनंतर दोनच महिन्यांनी निवडणूक झाली आणि हा बाहेरचा माणूस निवडून आला. त्या लोकसभेत प्रजा समाजवादी पक्षाचे एकूण दोन सदस्य होते. दोन! एवढ्या बळावर पाचशेहून अधिक जणांच्या सभागृहात करायचं काय, तर नियमांचं पुस्तक पाठ करायचं. बळ नसलं की नियम कामाला येतात. हरकतीचा मुद्दा मांडायला दोनशे माणसं लागत नाहीत, एक पुरतो.

२६ जून १९७५ च्या सकाळी दंडवते बंगळूरला होते. बरोबर अटलबिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र. चौघेही एका संयुक्त संसदीय समितीच्या बैठकीसाठी गेले होते, आणि समितीचा विषय होता पक्षांतरबंदी. तिथेच चौघांना अटक झाली. आमदार-खासदारांनी पक्ष बदलू नयेत यासाठी कायदा कसा करावा याची चर्चा करायला आलेली माणसं थेट बंगळूरच्या कारागृहात गेली. दंडवत्यांच्या पत्नी प्रमिला दंडवते इकडे येरवड्यात. पण या प्रसंगाचं पुढचं टोक जास्त बोचरं आहे. तो कायदा अखेर झाला, जानेवारी १९८५ मध्ये, बावन्नाव्या घटनादुरुस्तीने, सर्वपक्षीय सहमतीने. आयाराम-गयारामांचा बंदोबस्त करण्यासाठी केलेल्या या कायद्याने पक्षादेश मोडणाऱ्याचं सदस्यत्वच काढून घेतलं. घोडेबाजार त्याने थांबला नाही, तो आता घाऊक भावाने चालतो, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. थांबलं ते दुसरंच. सत्ताधारी बाकांवरच्या माणसाला विरोधकाचं म्हणणं पटलं तरी त्याप्रमाणे मत देता येईना. ती भुसभुशीत जमीन सिमेंटने लिंपली गेली. त्यानंतरचा विरोधी खासदार सभागृहात बोलतो तेव्हा त्याच्यासमोर पटवून घेऊ शकणारा श्रोताच नसतो. मग तो कॅमेऱ्याकडे पाहून बोलतो. त्यात त्याचा दोष किती म्हणावा?

दंडवत्यांच्या सत्तेतल्या दिवसांबद्दल थोडक्यात सांगतो. १९७७ ते १९७९ रेल्वेमंत्री: १९७४ च्या संपातले बडतर्फ कामगार परत घेतले, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर स्पंजाच्या गाद्या आल्या, हावडा-मुंबई गीतांजली एक्स्प्रेस वर्गभेद न ठेवता सुरू झाली. आजही स्लीपरच्या डब्यात पाठ टेकणारा माणूस त्यांचं नाव न घेता त्यांचं देणं वापरतो. ही कामं विरोधी बाकावरून झाली नसती, हे उघड आहे. कोकण रेल्वेही झाली नसती. डिसेंबर १९८९ मध्ये ते अर्थमंत्री झाले, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री. अर्थसंकल्पात पैसे नव्हते, म्हणून वेगळं महामंडळ काढायचं, केंद्राने ५१ टक्के आणि महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, केरळ या चार राज्यांनी उरलेलं भांडवल घालायचं, आणि बाकीचा पैसा लोकांना रोखे विकून उभा करायचा, ही वाट निघाली. जुलै १९९० मध्ये महामंडळ झालं, ई. श्रीधरन अध्यक्ष झाले, सप्टेंबरात रोह्याला पायाभरणी झाली. नोव्हेंबरात सरकार पडलं. पण तोवर काम मागे फिरवता येणार नाही अशा टप्प्यावर आणून ठेवलेलं होतं. १९९८ साली गाडी संपूर्ण मार्गावर धावू लागली.

१९९१ च्या निवडणुकीत दंडवते राजापुरात हरले. काँग्रेसचे सुधीर सावंत निवडून आले.

रेल्वे नसताना वीस वर्षं निवडून दिलं आणि रेल्वे आणली तेव्हा पाडलं, याला कोकणी कृतघ्नपणा म्हणायची पद्धत आहे. मला ती मान्य नाही. राजापूरने दंडवत्यांना रेल्वेच्या बदल्यात मत कधी दिलंच नव्हतं. तेव्हा रेल्वेची पावती म्हणून १९९१ मध्ये मत द्यायला हवं होतं, असं म्हणणं म्हणजे पारावरचाच हिशेब मागच्या दाराने आत आणणं आहे. बदललं होतं ते राजापूरच. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले पुष्कळ परत आत गेलेच नाहीत. मनिऑर्डरी आटल्या. परिणाम लगेच दिसला नाही. १९८४ आणि १९८९ मध्ये दंडवते निवडून आलेच. पण चाकरमान्याच्या पगारावर उभा असलेला मतदार हळूहळू स्थानिक ठेकेदार, स्थानिक शाखा आणि स्थानिक पुढारी यांच्याकडे सरकत होता, आणि शिवसेना मुंबईहून गावात उतरत होती. ज्या स्वातंत्र्यावर विरोधी खासदार परवडत होता, ते स्वातंत्र्य गिरणीच्या भोंग्याबरोबर संपत आलं होतं.

समाजवाद्यांचा स्वतःचा वाटाही यात मोठा आहे आणि त्यांचे चाहते तो टाळतात. राजापूरच्या मतदाराने झोपडीवर शिक्का मारला, मग १९७७ मध्ये नांगरधारी शेतकऱ्यावर, १९८९ मध्ये चक्रावर. पक्ष फुटायचा, जुळायचा, नाव बदलायचा, आणि दर वेळी कार्यकर्त्याने वाडी-वाडीवर जाऊन सांगायचं की माणूस तोच आहे. माणूस तोच होता, हे खरं. पण माणसापलीकडे काही उभंच राहिलं नाही. चौतीस वर्षं एक जागा हातात असताना या मंडळींनी तिसरा खासदार तयार केला नाही. राष्ट्रीय प्रश्नांवरची तयारी इतकी चोख आणि तालुक्याची समिती इतकी विस्कळीत, हे त्यांचं नेहमीचंच. संसदेतल्या उंचीची भरपाई म्हणून हे खपवून घ्यायचं मला कारण दिसत नाही. विरोधी खासदार हा एकांड्या शिलेदाराचा खेळ झाला की तो त्या शिलेदाराबरोबर संपतो.

त्यानंतरची घसरण मात्र कुणा एका पक्षाची नाही. डिसेंबर १९९३ मध्ये खासदार निधी सुरू झाला. आधी लाखांत, मग कोटीत, आता वर्षाला पाच कोटी. वरवर पाहता यात विरोधी खासदाराचं भलंच झालं: सत्तेत नसूनही त्याला कामं करता येऊ लागली. पण त्याचबरोबर त्याच्या कामाची व्याख्याच बदलली. सभामंडप, बोअरवेल, स्मशानशेड, रुग्णवाहिका, प्रत्येकावर नाव. जिल्हा परिषदेच्या सदस्याने करायची कामं करून तो लोकप्रिय होऊ लागला, आणि पुरवणी प्रश्नाची तयारी करण्यात रात्र घालवणं हा वेळेचा अपव्यय ठरला. शिवाय प्रश्न विचारायला सभागृह भरायला हवं. १९५६ साली लोकसभा दीडशेच्या आसपास दिवस बसली होती. सतराव्या लोकसभेच्या पाच वर्षांत मिळून २७४ बैठका झाल्या. त्या लोकसभेला पूर्ण मुदतीत उपाध्यक्ष मिळाला नाही. २०२० च्या पावसाळी अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच नव्हता. डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ विरोधी सदस्य निलंबित असताना फौजदारी कायद्यांची तीन विधेयकं संमत झाली. आणि खासगी विधेयकाचं म्हणाल, तर नाथ पैंनी ज्या वाटेने जायचं ठरवलं होतं, त्या वाटेने दोन्ही सभागृहांतून पार होऊन कायदा झालेलं शेवटचं विधेयक १९७० सालचं आहे.

कुणी म्हणेल, हे सगळे आठवणींचे उमाळे आहेत. नाथ पैंच्या काळातही सरकार बहुमताच्या जोरावर हवं तेच करत होतं. करत होतं. फरक इतकाच की करताना त्याला उत्तर द्यावं लागत होतं, आणि उत्तर देण्यात चूक झाली तर मंत्री जात होता. प्रमिला दंडवत्यांनी १९८० च्या लोकसभेत हुंडाबंदी कायद्याच्या दुरुस्तीचं खासगी विधेयक आणलं. ते त्यांच्या नावावर संमत झालं नाही, पण १९८४ मध्ये सरकारला स्वतःची दुरुस्ती आणावी लागली. १९८८ साली राजीव गांधींकडे चारशेवर खासदार असताना बदनामीविषयक विधेयक लोकसभेत संमत होऊनही मागे घ्यावं लागलं, कारण बाहेर पत्रकार आणि आत विरोधक अडून बसले. अल्पमताला इतपत जागा होती.

राजापूर मतदारसंघ आता नकाशावर नाही. २००८ च्या पुनर्रचनेत तो रत्नागिरी-सिंधुदुर्गात विरला. दंडवत्यांच्या पराभवानंतरच्या निवडणुकीत, १९९६ मध्ये, तिथून शिवसेनेचे सुरेश प्रभू निवडून आले होते, आणि पुढे तेही रेल्वेमंत्री झाले, २०१४ मध्ये, राज्यसभेतून. त्यांच्याच पुढाकाराने १९२४ पासून चालत आलेला वेगळा रेल्वे अर्थसंकल्प बंद झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये त्यांनी मांडला तो शेवटचा. हिशेबाच्या दृष्टीने निर्णय कदाचित शहाणपणाचा असेल. पण रेल्वेच्या हक्काच्या दिवसांत आपल्या स्टेशनावर न थांबणाऱ्या गाडीबद्दल उठून बोलायची जी संधी मागच्या बाकावरच्या सदस्याला मिळायची, ती आता मोठ्या अर्थसंकल्पाच्या गर्दीत शोधावी लागते. आणि त्या अर्थसंकल्पाचं सांगायचं तर २३ मार्च २०२३ रोजी लोकसभेने सगळ्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना, गोंधळात, काही मिनिटांत मंजूर केल्या. शंभर रुपयांची एकही कपात सूचना त्या दिवशी बोलली गेली नाही. विरोधक घोषणा देत होते, सत्ताधारीही घोषणा देत होते, आणि कुठल्या बंदरातला गाळ किती वर्षं उपसलेला नाही, हे कुणी कुणाला विचारलं नाही.